स्वस्तातलं इंजिन उलटं धरून पाहा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी नात अकरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला मोतीबागेतलं नॅरो गेज संग्रहालय दाखवलं, तेव्हापासून घरात रेल्वेशिवाय दुसरा विषय नाही. बॅटरीवर गोल फिरणारी प्लॅस्टिकची गाडी आणून दिली, पण तिला ती ‘लहान मुलांची’ वाटते. रुळांतून वीज घेणारी, हळू-जोरात करता येणारी गाडी हवी. माझं बजेट आठ ते दहा हजारांचं आहे. सारखीच दिसणारी इंजिनं चार हजारांना आहेत आणि पंचवीस हजारांनाही. हा फरक कशाचा? स्वस्तातलं घेतलं तर फसगत होईल का? शिवाय तिला वाफेचंच इंजिन पाहिजे आहे.
— एक आजी, खामला, नागपूर

उत्तर : ताई, पत्र वाचून फार बरं वाटलं. मोतीबागेतून इंजिन डोक्यात घेऊन घरी जाणारी मुलं मी पाहिली आहेत आणि हा नाद टिकावा असं मला मनापासून वाटतं. तो टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या इंजिनावर ठरतं. दर वळणावर बोटाने ढकलावं लागणारं इंजिन मिळालं, की महिन्याभरात खोकं माळ्यावर जातं आणि मुलीला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किंमत वाढते तशी त्यातली बरीच रक्कम वर दिसणाऱ्या गोष्टींवर जाते. तारेचे वेगळे बसवलेले कठडे, भिंगातून वाचता येईल अशी बारीक छपाई, केबिनमधला ड्रायव्हर, आवाजाची चिप. हे सगळं सुंदर असतं, आणि ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. पण इंजिन धावतं ते खालच्या अंगावर. तिथे कंजुषी झाली आहे का, हे पाच-दहा मिनिटांत कळतं आणि त्यासाठी जाणकार असावं लागत नाही. माझी नोकरी अजनीच्या लोको शेडमध्ये झाली. तिथे इंजिन आलं की रंग कुणी पाहत नव्हतं, आधी पिटमध्ये उतरून खालून पाहायचं. टेबलावरच्या इंजिनालाही मी हाच नियम लावतो.

खोक्यावर ‘एचओ’ लिहिलेलं घ्या. हे माप १:८७ चं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं, आणि रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. इंग्लंडची ‘ओओ’ मापाची इंजिनं थोडी मोठी, १:७६ ची असतात, पण तीही याच रुळांवर चालतात. ‘एन’ माप १:१६० चं, ९ मिलिमीटरच्या रुळांवर धावतं. ते छोट्या घरात सोयीचं असलं तरी अकरा वर्षांच्या मुलीसाठी मी ते सुचवणार नाही. चाकं इतकी लहान की रुळावर चढवतानाच वैताग येतो, आणि बारीकशा धुळीनेही गाडी थांबते.

आता मुख्य काम. दुकानात जाताना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन वायरी आणि एक मऊ फडकं बरोबर न्या. या मोटरी बारा व्होल्टच्या असतात, त्यामुळे नऊ व्होल्टने काही बिघडत नाही. दुकानदाराला विचारून इंजिन फडक्यावर उलटं ठेवा. एक वायर डावीकडच्या चाकाला टेकवा आणि दुसरी त्याच आसावरच्या उजव्या चाकाला. मोटर फिरली, तर ती जोडी रुळातून वीज उचलते. मग पुढची जोडी, त्याच्या पुढची, असं शेवटपर्यंत जायचं. चार आसांच्या डिझेल इंजिनाला आठ चाकं असतात. आठही वीज उचलत असतील तर उत्तम. चाकांच्या पाठीला तांबूस रंगाच्या पातळ पट्ट्या टेकलेल्या दिसतील, त्यांचंच हे काम.

स्वस्त इंजिनात पुष्कळदा वेगळा प्रकार आढळतो. एका आसावर दोन्ही वायरी टेकवल्या तर काहीच होत नाही. मग एक वायर पुढच्या बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चार चाकांच्या गाड्याच्या, डाव्या चाकाला आणि दुसरी मागच्या बोगीच्या उजव्या चाकाला लावली, की मोटर जागी होते. याचा अर्थ पुढची बोगी एकाच बाजूची वीज घेते आणि मागची दुसऱ्या बाजूची, म्हणजे आठांपैकी चारच चाकं कामाची. त्यातही पकड वाढावी म्हणून एखाद्या चाकावर रबरी धाव चढवलेली असते. रबरातून वीज येत नाही, म्हणून ते चाकही वजा करा. राहिलेल्या तीन चाकांवर असं इंजिन सरळ रुळावर बरं पळतं. पण सांध्यावर, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात आणि मधला तुकडा प्लॅस्टिकचा असतो, तिथे ते हमखास उभं राहतं. ‘गाडी मध्येच थांबते’ म्हणून माझ्याकडे जी इंजिनं येतात, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं. मोटर धडधाकट असते, तिच्यापर्यंत वीज पोचत नाही.

वायरी लावलेल्या असतानाच आणखी एक पाहून घ्या : फिरतात किती चाकं? दोन्ही बोग्यांची, की एकीचीच? अजनी शेडच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनाचं वजन १२३ टन आणि सहाच्या सहा आसांना स्वतंत्र मोटर, म्हणून सगळंच्या सगळं वजन ओढण्याच्या कामी येतं. टेबलावरही हिशेब तोच. एकाच बोगीला गिअर असतील तर इंजिनाचं निम्मं वजन नुसतं ओझं म्हणून फिरतं, आणि तीन-चार डबे लावले की चाकं जागच्या जागी घसरायला लागतात. हातात घेऊन वजनाचा अंदाजही घ्या. एकाच लांबीच्या दोन इंजिनांत जे जड, त्याच्या आत बहुधा धातूची चेसिस असते आणि हलक्यात प्लॅस्टिकची.

मग कान लावायचा. एकसारखी घरघर असेल तर चिंता नको, नवीन इंजिन थोडं चाललं की ती कमी होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ वाजत असेल, तर मात्र सावध राहा. धातूच्या आसावर दाबून बसवलेलं प्लॅस्टिकचं गिअर काही वर्षांत आकसतं आणि चिरतं. मग त्या फटीपाशी दर फेरीला दाता अडकतो. जुन्या मालात हा दोष खूप दिसतो. ते गिअर सुटं मिळत असेल तर दुरुस्ती अर्ध्या तासाची. मिळत नसेल तर इंजिन तिथेच संपलं. म्हणून त्या कंपनीचे सुटे भाग आणि भागांचा नकाशा मिळतो का, हे मी रंगाच्या आधी विचारतो.

आता माझी सगळ्यात आवडती परीक्षा, हळू चालण्याची. जोरात कोणतंही इंजिन पळतं. सुरुवातीच्या संचातली कित्येक इंजिनं पूर्ण वीज दिली की एक मीटर दीड सेकंदात पार करतात. १:८७ च्या हिशेबाने हा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर गेला. पोरांना दोन दिवस मजा वाटते, मग गाडी वळणावरून टेबलाखाली जाते. एक मीटरला दहा सेकंद म्हणजे ताशी साधारण ३१ किलोमीटर, आणि तीस सेकंद म्हणजे दहाच्या आसपास, यार्डातल्या शंटिंगचा वेग. जे स्वस्त इंजिन एक मीटर तीस सेकंदांत, न अडखळता, दोन्ही दिशांना चालतं, ते मी डोळे मिटून घेईन. दुकानात कंट्रोलर, म्हणजे वीज कमी-जास्त करणारं यंत्र, नसेल तर साधे दीड व्होल्टचे सेल घ्या. दोन सेलांवर, म्हणजे तीन व्होल्टवर, चाकं फिरायला लागली तर मोटर चांगली आहे. तीन सेल लागले तरी चालेल. सहा सेलांपर्यंत जावं लागलं तर ते इंजिन परत ठेवा.

हळू चालण्यामागचं कारण मोटरमध्ये आहे. आतल्या फिरत्या भागाला तीन ध्रुव असले तर तो प्रत्येक ठिकाणी किंचित अडतो आणि मग एकदम झेपावतो. पाच ध्रुव असले तर हे धक्के बारीक होतात. मोटरच्या दांड्यावर पितळी चकती, म्हणजे फ्लायव्हील, असेल तर आणखी चांगलं. रुळावर धुळीचा ठिपका आला तरी तिच्या गतीवर इंजिन पुढे सरकतं. वेष्टनावर ‘पाच ध्रुवी मोटर’, ‘फ्लायव्हील’ असं लिहिलेलं असेल तर कंपनीने आतल्या अंगावर खर्च केला आहे असं समजावं. एक खबरदारी मात्र घ्या. ज्या इंजिनात डीसीसीची, म्हणजे डिजिटल पद्धतीने चालवण्याची, चिप आधीच बसवलेली असते, ते साध्या विजेवर काही व्होल्ट होईपर्यंत हलतच नाही, त्यामुळे सेलांची परीक्षा त्याला लागू नाही. ‘डीसीसी रेडी’ म्हणजे नुसती खाच दिलेली, चिप नाही; तुम्हाला एवढं पुरे.

शेवटची परीक्षा धीटपणे करा. इंजिन रुळावर ठेवून पूर्ण वीज द्या आणि वरून बोटाने हलकेच अडवा, दोन सेकंदच. चाकं घसरत फिरत राहिली पाहिजेत. चाकं थांबली आणि मोटर नुसती गुंगुं करू लागली, तर ताबडतोब वीज बंद करा. कधी डबे अडकले तर अशा इंजिनाच्या मोटरचं वाइंडिंग जळतं.

आता खरेदीचं. दहा हजारांत झाडं, घरं, फाटक, स्टेशन असा भरगच्च संच घेऊ नका, कारण त्यात इंजिनाच्या वाट्याला सगळ्यात कमी पैसा येतो. एक चांगलं इंजिन, साधा कंट्रोलर, एक अंडाकृती रूळमार्ग आणि दोन-तीन डबे एवढ्यावर सुरुवात करा. मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त श्रेणी आहेत, त्या पाहा. जर्मनीच्या पीकोची ‘हॉबी’ श्रेणी मला या किमतीत सर्वात प्रामाणिक वाटते. वरचं अंग साधं, कठडे साच्यातच ओतलेले, पण यंत्रणा व्यवस्थित. हॉर्नबीच्या ‘रेलरोड’ श्रेणीत जुने साचे वापरलेले असतात. एक मॉडेल छान आणि शेजारचं सुमार असं तिथे होतं, त्यामुळे प्रत्येक इंजिन वेगळं पारखावं लागतं. परदेशातली किंमत पाहून हुरळू नका. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेलं गेलं, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं चिन्हही सक्तीचं आहे. म्हणून सगळा खर्च धरून घरपोच किंमत विचारा. लांबून मागवत असाल तर विक्रेत्याकडून पोटाचा फोटो मागा आणि शेजारी मीटरपट्टी ठेवून हळू चालवल्याचा व्हिडिओ मागा. ज्याला माल विकायचा आहे तो पाठवतो. टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

नातीच्या वाफेच्या इंजिनाबद्दल. तिचा हट्ट मला समजतो. हलणारे दांडे पाहण्यातलं सुख डिझेलमध्ये नाही. पण या किमतीतलं वाफेचं इंजिन म्हणजे बहुधा चार चाकांचं, पाण्याची टाकी अंगावरच असलेलं बुटकं टँक इंजिन असतं. वीज उचलायला चारच चाकं, तीही जवळजवळ, त्यामुळे ते सांध्यावर थांबणार. शिवाय दांड्यांचे खिळे नाजूक. म्हणून पहिलं इंजिन चार आसांचं डिझेल किंवा विजेचं घ्या. तिला हे कारण नीट सांगा, बॅटरी लावून चाकं मोजायला तिलाच बसवा. अकरा वर्षांची मुलगी हे चटकन समजते. पुढच्या वर्षी वाफेचं घ्याल तेव्हा दांड्यांनी जोडलेल्या सहा चाकांचं आणि मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, असलेलं बघा, आणि टेंडरची चाकंही वीज उचलतात याची खात्री करा.

आपल्या नागपूरसाठी दोन गोष्टी जास्तीच्या सांगाव्या लागतात. एप्रिल ते जून कूलर चालतो, खोलीभर दमट हवा असते. स्वस्त संचातले रूळ लोखंडाचे असतील तर या हवेत त्यांना गंज धरतो, आणि त्याचा दोष बिचाऱ्या इंजिनावर येतो. निकेल सिल्व्हरचे रूळ थोडे महाग पडतात, पण तेच घ्या. रूळ कशाचे आहेत हे तपासायचं तर लोहचुंबक लावून पाहा. निकेल सिल्व्हरला तो चिकटत नाही. दुसरं म्हणजे, स्लॅबखालच्या माळ्यावर इंजिन ठेवू नका. मे महिन्यात तिथल्या भट्टीत रबरी धावा सुकून तडकतात, ग्रीस वितळून चाकांवर उतरतं आणि नंतर मेणासारखं घट्ट होतं. दिवाणातला कप्पा किंवा कपाटाचा खालचा खण बरा. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं वापरा. काचकागद कधीही नको. त्याच्या ओरखड्यांत घाण आणखी साचते.

प्रश्न : काकांनी १९८० च्या दशकात परदेशातून आणलेलं लिमाचं इंजिन सापडलं. वीज दिली की गुणगुणतं, हलत नाही. दुरुस्तीला पैसे घालावेत का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : घाला, पण आधी स्वतः हात लावून पाहा, बहुतेक खर्च होणारच नाही. लिमा ही इटलीची कंपनी, स्वस्त आणि दणकट गाड्यांसाठी जगभर गाजलेली. २००४ मध्ये तिचं नाव आणि साचे हॉर्नबीने घेतले. या इंजिनातली मोटर चपटी असते आणि बोगीतच बसलेली असते. गुणगुणते आहे म्हणजे वीज पोचते आहे, बहुधा जुनं ग्रीस गोठलं आहे. वरचं अंग काढा, गिअरवरचा घट्ट थर दात कोरायच्या काडीने खरवडा, अल्कोहोलने पुसा आणि प्लॅस्टिकला चालणाऱ्या हलक्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब द्या. मोटरच्या तोंडाशी कार्बनचे दोन ब्रश असतील, ते झिजून आखूड झालेत का पाहा. ते ज्या तांब्याच्या भागावर घासतात त्याच्या फटींत काळी पूड साचते, तीही काडीने काढा.

चालू झालं तर एक लक्षात ठेवा. जुन्या लिमाच्या चाकांच्या कडा खोल असतात. आजच्या कमी उंचीच्या रुळांवर त्या आतल्या खिळ्यांच्या ठशांवर आपटत जातात आणि गाडी खडखडते. कोड १०० चे, म्हणजे ०.१०० इंच उंचीचे रूळ घेतले की हा त्रास नाही. वीज उचलण्यातही ही इंजिनं कमजोरच. वर सांगितलेली बॅटरीची परीक्षा करा, तुम्हाला लगेच दिसेल.

जुनं कोणतंही इंजिन घेताना धातूचा सांगाडा उजेडात धरून बघा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली तर तो वर्षानुवर्षं आतून फुगत जातो, बारीक जाळीदार भेगा पडतात आणि शेवटी बोटाने चुरा होतो. यावर इलाज नाही. तशी एकही भेग दिसली तर ते इंजिन कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

प्रश्न : आमचं गाव नागपूर–छिंदवाडा नॅरो गेजवर होतं. २०१५ मध्ये ती गाडी बंद झाली. त्या गाडीचं मॉडेल करायचं आहे. बाजारात तसं इंजिन मिळत नाही. स्वस्तातलं एखादं घेऊन बदलता येईल का?
— एक वाचक, सावनेर

उत्तर : येईल, आणि तुम्ही हे कराच. ब्रॉड गेजवाल्यांची इथे पंचाईत होते. आपला ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर, १:८७ ने तो १९.३ यायला हवा, पण एचओचे रूळ १६.५ चे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ वर बेतलेले. म्हणून आपल्या इंजिनांची मॉडेलं पुढून पाहिली की पाय जवळ घेतल्यासारखी दिसतात. तुमची गाडी ७६२ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागा, ८.७६ येतात. ‘एन’ मापाचे रूळ ९ मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ बरोबर. परदेशात याच जोडीला ‘एचओई’ म्हणतात.

तेव्हा ‘एन’ मापाचं यंत्र घ्यायचं आणि त्यावर १:८७ चं अंग स्वतः बनवायचं. जपानच्या काटो कंपनीच्या छोट्या चालत्या चेसिस या कामासाठी जगभर वापरतात, कारण त्या हळू आणि सुरळीत चालतात. इतर कोणतंही ‘एन’ इंजिन घेतलंत तर वरच्या रंगरूपाकडे अजिबात पाहू नका, ते काढूनच टाकायचं आहे. चाकं किती वीज उचलतात आणि तीन व्होल्टवर फिरतात का, एवढंच बघा. अंगासाठी प्लॅस्टिकचे पत्रे किंवा चांगला पुठ्ठा चालतो. मोतीबागेत खरी इंजिनं उभी आहेत. परवानगी विचारून टेपने लांबी, रुंदी, केबिनची उंची, चाकांमधलं अंतर सगळं टिपून घ्या आणि प्रत्येक आकड्याला ८७ ने भागा. पण चेसिस हातात आल्याशिवाय पुठ्ठा कापू नका. मोटर वर किती येते हे मोजूनच बॉनेटची उंची पक्की करा, आणि बॉनेटच्या पोकळीत शिशाचे मासेमारीचे गोळे चिकटवायला जागा ठेवा. एवढ्या हलक्या इंजिनाला वजन दिल्याशिवाय ते चढावर डबे ओढणार नाही.